कोकेनने दारू उतरत नाही

पार्ट्यांमध्ये वर्षानुवर्षे सांगितलं जातं की दारू जास्त झाली तर थोडं कोकेन घ्यावं, दोन्ही एकमेकांना मारतात. हे साफ खोटं आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

कोकेनने रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. फक्त झिंग जाणवेनाशी होते, म्हणून माणूस आणखी पितो, गाडीही काढतो. खरा घोळ यकृतात होतो. एरवी तिथलं एक एन्झाइम कोकेनचं विघटन करून त्याचं निरुपद्रवी द्रव्य बनवतं. दारू पोटात असली की हे काम मंदावतं, कोकेनची रक्तातली पातळी चढते आणि तेच एन्झाइम कोकेन व अल्कोहोल जोडून तिसरंच रसायन तयार करतं: कोकाएथिलीन. तुम्ही न घेतलेलं, शरीरानेच बनवलेलं. तेही नशा देतं, कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला अधिक घातक ठरतं. आधी दारू, मग कोकेन, या क्रमात ते जास्त बनतं.

तरुण, धडधाकट माणसालाही यातून हार्ट अटॅक येऊ शकतो. छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी घेतल्याचं स्पष्ट सांगा. छातीदुखीवरची काही औषधं कोकेन घेतलेल्याला डॉक्टर टाळतात.