पिस्टन कसाही फिरवून बसवला तरी चालतो?

इंजिन उघडलं की हे हमखास ऐकू येतं, पिस्टन गोलच आहे, नवा पिस्टन रॉडवर (त्याला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर) कसाही चढवा. नाही हो, चुकीचं आहे हे! मुळात पिस्टन पूर्ण गोल नसतोच, पिनच्या, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या, दिशेने त्याचा व्यास किंचित कमी असतो. आणि बऱ्याच कार इंजिनांत पिनचं भोक बरोब्बर मधोमध नसतं, साधारण मिलिमीटरभर एका बाजूला सरकवलेलं असतं, म्हणजे पिस्टन वर पोचून दुसऱ्या भिंतीला टेकताना जोरात आपटत नाही. उलटा बसवला की थंड इंजिन खटखट वाजतं, आणि व्हॉल्व्हसाठीचे खाचे लहानमोठे असतील तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकूही शकतो.

म्हणूनच पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा खूण असते, बहुतेक वेळा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूची. रॉडलाही स्वतःची दिशा असते, ऑइलचं भोक, बेअरिंगची खाच बघा, मॅन्युअल उघडा, दोघांचा मेळ पिन घालायच्या आधीच बसवा. प्रेस फिट, म्हणजे रॉडमध्ये घट्ट बसणारी पिन असेल तर रॉडचं छोटं टोक गरम करून पिन सरकवतात, ती एकदा बसली की काढताना पिस्टन खराब व्हायची भीती असते. तरंगती, म्हणजे रॉडमध्येही मोकळी फिरणारी पिन असेल तर तिला जागेवर धरणारं लॉक नवीनच टाका, जुनं निसटलं तर सिलिंडरला खोल चरे पडतात.