औषध दुकानाला सरकारी आरोग्य योजनेतून वगळणे : न्यायिक पुनर्विलोकन (अमेरिका)

मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांतून औषध दुकानाला वगळल्यास त्या निर्णयाची न्यायालयाकडून होणारी तपासणी. दोन्ही योजना १९६५ च्या कायद्याने आल्या. पहिली मुख्यतः वृद्धांसाठी, दुसरी गरिबांसाठी. वगळलेल्या दुकानाने दिलेल्या औषधांचे पैसे त्या देत नाहीत. ज्या दुकानाची बहुतेक गिऱ्हाइके याच योजनांतली, त्याला परवाना शाबूत असूनही टाळे लागू शकते.

हा अधिकार सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम ११२८ मध्ये असून आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचे कार्यालय तो वापरते. योजनेशी निगडित गुन्हा सिद्ध झाल्यास किमान ५ वर्षे वगळावेच लागते. दुसऱ्या वेळी १० वर्षे, तिसऱ्या वेळी कायमचे. दोषी व्यक्तीची दुकानात ५ टक्के मालकी असली, तरी दुकान वगळता येते. मुदत संपल्यावरही परतीसाठी अर्ज करावाच लागतो.

थेट न्यायालयात जाता येत नाही. ६० दिवसांत खात्याच्याच प्रशासकीय न्यायाधीशाकडे सुनावणी मागायची, तिथे हरल्यास खात्याच्या अपील मंडळाकडे जायचे आणि मग संघीय जिल्हा न्यायालयात. दरम्यान नोटिशीच्या तारखेपासून २० दिवसांनी निर्णय लागू झालेला असतो. अपिलामुळे तो थांबत नाही. फसवणूक किंवा लाचेच्या आरोपावरून, शिक्षा झालेली नसताना वगळायचे असेल, तर मागणी केल्यास सुनावणी आधी होते. सर्वच प्रकारांत तसे नसणे ही या व्यवस्थेतील सर्वांत दुखरी जागा आहे, कारण निकाल बाजूने लागेपर्यंत दुकान तग धरेलच असे नाही.

न्यायालय नव्याने पुरावा तोलत नाही. खात्याच्या निष्कर्षाला पुरेसा आधार आहे का आणि कायदा नीट लावला का, एवढेच पाहते. मूळ शिक्षाच चुकीची होती, हा मुद्दा इथे काढता येत नाही आणि किमान मुदतही कमी होत नाही. त्यामुळे खरा वाद होतो तो वाढीव मुदतीवर. त्याबाबत फ्रीडमन विरुद्ध सेबेलियस (२०१२) हा निकाल महत्त्वाचा. त्यात पर्ड्यू या औषध कंपनीच्या ३ माजी अधिकाऱ्यांना १२ वर्षे वगळले होते. वगळण्याचा अधिकार कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने मान्य केला. पण आधीच्या प्रकरणांपेक्षा इतकी मोठी मुदत का, हे खात्याने सांगितले नाही म्हणून तेवढा भाग रद्दबातल ठरवला. कारणे द्या, हा आग्रह छोट्या दुकानदारालाही तितकाच उपयोगी आहे.

रुग्णांना मात्र या लढ्यात जागा नाही. ओ'बॅनन विरुद्ध टाउन कोर्ट नर्सिंग सेंटर (१९८०) या खटल्यात फिलाडेल्फियातील शुश्रूषागृहातल्या वृद्धांनी, आमचे घर योजनेबाहेर काढण्यापूर्वी आम्हालाही ऐका, अशी मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली : पात्र संस्थांमधून निवड करण्याचा हक्क रुग्णाला आहे, अपात्र ठरलेल्या संस्थेत राहण्याचा नाही, त्यांची हानी अप्रत्यक्ष आहे. हाच तर्क औषध दुकानाच्या गिऱ्हाइकांनाही लावता येतो. जवळ दुसरे दुकानच नसेल, तर तो फार तोकडा पडतो. त्या खटल्यात विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी नोंदवले.