काउंट पडतो तेव्हा हाडाच्या आत काय मोडतं

घरात कुणाची केमो चालू झाली की ‘काउंट’ हा शब्द जेवणाच्या ताटापर्यंत येतो. पांढऱ्या पेशी किती, प्लेटलेट्स किती, हिमोग्लोबिन किती. बऱ्याच औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आकडे तळ गाठतात, मग हळूहळू चढतात, आणि पुरेसे चढले तरच केमोची पुढची फेरी (सायकल) मिळते. कारण विचारलं तर सांगतात की औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं आणि रक्त बनवणाऱ्या पेशी तशाच असतात. हे खरंच आहे. पण त्या पेशी ज्या रक्तवाहिन्यांच्या कुशीत राहतात त्यांनाही तोच मार बसतो. हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला.

रक्त हाडांतल्या मज्जेत बनतं हे १८६८ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट नॉयमन आणि इटलीत जुलिओ बिझोझेरो यांनी दाखवलं. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि दहा वर्षांच्या आत जर्मनीतल्या हाइनेके यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं की हे किरण मज्जेचा आणि लसिकाग्रंथींचा घास आधी घेतात. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅसने पोळलेल्या सैनिकांची मज्जा रिकामी झालेली आढळली. त्याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डने १९४२ मध्ये येल विद्यापीठात केमोथेरपीची सुरुवात झाली. हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून वाचलेली माणसं पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने गेली, तेव्हा मज्जा उद्ध्वस्त होणं म्हणजे काय ते जगाने पाहिलं.

मग शोध सुरू झाला तो मज्जा परत कशी आणायची याचा. १९४९ मध्ये लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकून बाकीच्या अंगावर क्ष-किरणांचा जीवघेणा डोस सोडला आणि उंदीर जगले. प्लीहेतून एखादं संजीवन द्रव्य निघतं की पेशीच निघून मज्जेत जातात, यावर काही वर्षं वाद चालला. पेशींचा पक्ष जिंकला, आणि योग्यच जिंकला. माझ्या मते मात्र त्याच विजयामुळे सगळ्यांची नजर पेशींवर खिळली आणि त्यांना सांभाळणारा आधार मागे पडला.

१९५७ मध्ये अमेरिकी डॉक्टर डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिली. दोघांमध्येच ती थोडा काळ रुजली, आणि शंभर दिवसांत सहाही जण गेले. तरीही थॉमस थांबले नाहीत. त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीच, १९८३ मध्ये, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं होतं. हाताच्या शिरेत सोडलेल्या पेशी हाडात पोचतात कशा? मज्जेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती ओलांडून. म्हणजे ज्या वाटेने त्यांनी आत जायचं, ती वाट आधीच्या केमोने आणि रेडिएशनने मोडलेली असते.

ही वाट म्हणजे सायनुसॉइड. मज्जेत धमन्यांच्या बारीक फांद्या रक्त आणतात आणि ते या रुंद, वेड्यावाकड्या वाहिन्यांत ओततात. त्यांची भिंत जेमतेम एका पेशीइतकी जाड असते, धमन्यांसारखं स्नायूंचं अस्तर तिला नसतं. नव्या रक्तपेशी याच भिंतीतून बाहेर पडून अंगभर जातात. इतकी पातळ भिंत रेडिएशनपुढे टिकत नाही. धमन्यांच्या फांद्या त्या मानाने तग धरतात.

१९६६ मध्ये अमेरिकेत विल्यम नॉस्पे, विल्यम क्रॉस्बी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायाच्या हाडावर क्ष-किरणांचे वेगवेगळे डोस देऊन महिनोन्‌महिने त्या हाडाचे काप पाहिले. हा या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. पहिल्या काही दिवसांत पेशी नाहीशा होतात, सायनुसॉइड फाटतात आणि त्यांतलं रक्त मोकळ्या जागेत पसरतं. मग वाहिन्या जुळून येतात आणि त्यांच्या मागोमाग रक्तपेशींची वस्ती उभी राहते. मोठा डोस असेल तर इथे विचित्र वळण येतं. सावरलेली मज्जा काही महिन्यांनी पुन्हा ओस पडते. दुसऱ्यांदा सायनुसॉइडच नाहीसे झालेले असतात, आणि ते परत येईपर्यंत रक्तही परत येत नाही. रक्त बनवणाऱ्या पेशी अंगात दुसरीकडे शाबूत होत्या, रक्तातून फिरतही होत्या, पण त्या हाडात त्यांना उतरायला ठिकाण नव्हतं.

१९७८ मध्ये मँचेस्टरच्या रेमंड शोफिल्ड यांनी मूलपेशीला, म्हणजे जिच्यापासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या पेशीला, तिची ठरलेली जागा लागते, अशी कल्पना मांडली. त्यांनी वापरलेल्या ‘निश’ (niche) या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कोनाडा. पणती कोनाड्यात असते तोवर वाऱ्यापासून वाचते, तशी मूलपेशी तिच्या जागी असेपर्यंत मूलपेशी राहते. हा कोनाडा कुठे आहे, यावर पुढे बरीच वर्षं गेली. २००५ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने मूलपेशी ओळखण्याची सोपी खूण शोधली, आणि त्यातल्या बऱ्याच सायनुसॉइडला चिकटलेल्या दिसल्या.

२००९ मध्ये न्यूयॉर्कच्या शाहीन रफी यांच्या गटाने थेट पुरावा दिला. उंदरांना रेडिएशन देऊन त्यांनी रक्तवाहिन्यांच्या वाढीचा एक संकेत बंद पाडला, तर सायनुसॉइड पुन्हा बांधले गेले नाहीत, आणि बाहेरून दिलेल्या निरोगी मूलपेशीही नीट रुजल्या नाहीत. ५-फ्लुओरोयुरॅसिलसारखं केमोचं औषध दिलेल्या उंदरांतही सायनुसॉइड फुगलेले आणि गळके आढळले आहेत. रिकाम्या झालेल्या जागेत चरबी भरते. माणसात एखाद्या हाडाला ३० ते ४० ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) वर डोस मिळाला, तर तिथली मज्जा बऱ्याचदा कायमची चरबी होऊन बसते. एमआरआयवर डोस मिळालेल्या भागाची सीमा सरळ रेघेसारखी दिसते.

आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ओटीपोटाला रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. प्रौढ माणसाची रक्त बनवणारी मज्जा मोठ्या प्रमाणावर ओटीपोटाच्या आणि कण्याच्या हाडांतच असते. म्हणून आता डोस आखताना मूत्राशय आणि आतड्यांसोबत कमरेच्या हाडातली मज्जाही संगणकाच्या पडद्यावर रेखून तिला वाचवण्याचे प्रयत्न होतात. पुढे कधी दुसरी केमो लागली, तर रक्त बनवायला तीच मज्जा उरलेली असते.