अल्कोचं एस-१ की एस-२? आधी बोगीवरची नजर काढा

अल्को या अमेरिकी कंपनीच्या एस मालिकेतल्या शंटिंग इंजिनाचा, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या डिझेल इंजिनाचा, फोटो समोर आला की पहिली नजर बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीवर जाते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ‘ब्लंट बोगी (बोगीचा एक प्रकार) दिसतेय, म्हणजे एस-२’ असं बिनदिक्कत ठरवलं जातं. त्या भरवशावर छंदासाठीचं छोटं मॉडेल घेतलं जातं, रंगवलं जातं, नंबरही चिकटतात. त्या नंबरचं खरं इंजिन मात्र एस-१ असतं. ब्लंट बोगी एस-१ खालीही असते, आणि हे माहीत असूनही विसरलं जातं, कारण एस-२ संख्येने खूप जास्त. एस-२ दीड हजारांच्या घरात बनली, एस-१ साडेपाचशेच्या आत.

बोगीचं प्रकरण बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे थोडक्यात. एस-१ आणि एस-२ खाली ब्लंट, एस-३ आणि एस-४ खाली एएआर टाइप ए हा दुसरा प्रकार. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेल्वे कंपन्यांनी वर्कशॉपमध्ये बोग्या बदलल्या आहेत, त्यामुळे एएआर बोगीवर उभं असलेलं एस-२ सापडू शकतं. आणि नुसत्या सालावरूनही निवाडा होत नाही: एस-४ जून १९४९ मध्ये सुरू झालं, पण एस-२ जून १९५० पर्यंत बनतच होतं. त्या वर्षभरातल्या इंजिनांसाठी बिल्डर प्लेट (कारखान्याची पाटी) किंवा रोस्टर (रेल्वेच्या इंजिनांची यादी) बघावंच लागतं.

बोगी एवढंच सांगते की इंजिन जुन्या जोडीतलं (एस-१, एस-२) आहे की नव्या (एस-३, एस-४). ते ६६० अश्वशक्तीचं आहे की १००० चं, याबद्दल ती काहीही सांगत नाही. एस-१ आणि एस-३ ही ६६० वाली, एस-२ आणि एस-४ ही १००० वाली. हा फरक हूडवर, म्हणजे यंत्र झाकणाऱ्या लांब पेटीवर दिसतो, दोनच जागी दिसतो, आणि त्या दोन जागा कोणी बघत नाही.

एस-१ आणि एस-२ च्या पोटात एकाच कुळाचं डिझेल इंजिन आहे: अल्को ५३९, एका रांगेत सहा सिलिंडर, साडेबारा इंच बोअर, तेरा इंच स्ट्रोक, पूर्ण वेगाला मिनिटाला ७४० फेरे. एस-१ मध्ये ते साध्या श्वासावर चालतं, एस-२ मध्ये टर्बोचार्जर (हवा दाबून आत भरणारं यंत्र) लावून. तेवढ्याने ६६० चे १००० होतात. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा होतो. टर्बो आला की धुराचा मार्ग बदलतो, म्हणून धुराडं बदलतं. बाहेरून दिसणारे दोन्ही फरक इथूनच येतात. हे कारण डोक्यात बसलं की कोणतं कोणाचं, हे घोकावं लागत नाही.

आधी रेडिएटर. हूडच्या पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना, आडव्या पट्ट्यांची शटर असतात. एस-१ वर हा चौकोन उभा आहे, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. एस-२ वर तो हूडच्या लांबीच्या दिशेने रुंद पसरलेला आहे. बाजूने सरळ काढलेला फोटो असेल तर मोजमापाचीही गरज नाही, चौकोन उभा की पसरट एवढंच बघायचं.

फसगत होते ती तिरक्या फोटोंत. यार्डातले बहुतेक जुने फोटो नाकाच्या कोपऱ्यातून घेतलेले असतात, आणि अशा फोटोत रुंदी आक्रसते, उंची तशीच राहते. ४५ अंशांतून बघितलं तर रुंदी जेमतेम ७० टक्के दिसते. मग एस-२ चं पसरट शटर उभं वाटायला लागतं आणि इंजिनाला एस-१ ठरवलं जातं. तिरक्या फोटोवरून शटरचा आकार ठरवू नका. तिथे धुराड्याकडे जा.

एस-१ चं धुराडं बारीक, बुडाशी गोल. एस-२ चं मोठं, आणि त्याचं बूड लांबट. नुसत्या जाडीवर जाऊ नका, बूड बघा, कारण अनेक इंजिनांच्या धुराड्यावर नंतर ठिणगीरोधक बसवले गेले. ते बसले की वरचा भाग झाकला जातो आणि बारीक धुराडंही दणकट दिसतं. हूडच्या छताला जिथे धुराडं टेकतं, तिथली कड मात्र सहसा उघडी असते. थोडक्यात, सरळ बाजूच्या फोटोत शटर, तिरक्या किंवा वरून घेतलेल्या फोटोत बूड. दोन्ही जुळले तर प्रश्न मिटला. नाही जुळले तर दुसरा फोटो शोधा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

मॉडेलचं शटर बरोबर आहे का हे मोजायचं असेल तर बोगीच पट्टीचं काम करते. ब्लंट आणि एएआर टाइप ए, दोघींच्या आसांमधलं अंतर ८ फूट आहे. एचओ (१:८७) प्रमाणात ते २८ मिमी होतं, एन (१:१६०) प्रमाणात सव्वापंधरा. सरळ बाजूच्या फोटोत एका बोगीच्या दोन आसांमधलं अंतर मोजा, मग शटरची रुंदी. उदाहरणापुरतं, फोटोत आसांमधलं अंतर ४० मिमी आणि एखाद्या भागाची रुंदी २० मिमी आली, तर एचओ मॉडेलवर तो भाग १४ मिमी हवा. जवळून काढलेल्या फोटोत थोडी चूक धरा: हूड अरुंद असल्याने शटर बोगीच्या चौकटीपेक्षा कॅमेऱ्यापासून लांब असतं, त्यामुळे किंचित लहान दिसतं.

बाकीचे फरक किरकोळ. एस-१ सुमारे ९९ अमेरिकी टन, एस-२ सुमारे ११५. मॉडेलवर त्याने काही बिघडत नाही. कॅब, म्हणजे चालकाची केबिन, दोघांची सारखी. हॉर्न, हँडरेल, पायऱ्या, नंबरबोर्ड यांवरून मॉडेल ओळखायचा प्रयत्नच करू नका, ते रेल्वेगणिक आणि दशकागणिक बदलतात. हूड कॅबच्या छपराला भिडलेलं दिसलं तर ते एस मालिकेतलं नाहीच, आधीच्या एचएच मालिकेतलं आहे.

रोस्टर वाचताना रेल्वेचा स्वतःचा वर्ग बघा. न्यू हेवन रेल्वेत एस-१ चा वर्ग डीईवाय-३ होता आणि एस-२ चा डीईवाय-५. फोटोत कॅबखाली वर्ग वाचता आला तर शटर-धुराड्यापर्यंत जायचीही गरज नाही.

आता मॉडेलवरचं काम. एस-२ चं नुसतं धुराडं कापून बारीक नळी बसवायची आणि त्याला एस-१ म्हणायचं, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. शटर तसंच पसरट राहतं आणि नाकाची बाजू खोटीच दिसते. शटर अरुंद करायचं तर पट्ट्यांचा जास्तीचा भाग छिन्नीच्या पात्याने तासा, पुट्टी भरा, वाळल्यावर ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आणि मिटलेली पॅनेलची रेघ पुन्हा कोरा. हे दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळायला हवं. उलट दिशेने, एस-१ चं एस-२ करताना, नव्या पट्ट्या जुन्यांच्या जाडीला जुळत नाहीत. बरोबर बॉडी विकत घ्या, तेच उत्तम.

बोगी बदलणं मात्र सोपं आहे. आसांमधलं अंतर सारखं असल्याने गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही, फक्त बाजूच्या चौकटी बदलायच्या. त्या पुष्कळदा गुळगुळीत इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या असतात. त्यावर सुपरग्लू धरत नाही आणि प्रायमरशिवाय रंगाची सालं निघतात. म्हणून खटक्याने बसणाऱ्या चौकटीच शोधा, आणि बसवल्यावर सर्वांत तीव्र वळणावर चालवून पायऱ्यांना घासत नाहीत ना ते बघा.

काजळी फासतानाही टर्बो आठवा. थ्रॉटल उघडला की डिझेल लगेच वाढतं, टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात काळा धूर निघतो. म्हणून एस-२ च्या हूडच्या छतावर धुराड्याभोवती दाट काळी छटा शोभते. एस-१ वर हात आखडता घ्या. आणि मॉडेलमध्ये साउंड डीकोडर (इंजिनाचा आवाज काढणारी चिप) घालणार असाल तर एस-१, एस-३ साठी टर्बो नसलेल्या ५३९ चीच फाइल निवडा. ती मिळत नसेल तर टर्बोच्या शिट्टीचा आवाज डीकोडरच्या सेटिंगमध्ये शून्यावर आणा.