गाणं अडतं वायफायमुळे, प्लॅन वाढतो नेटचा

वायफाय स्पीकरवर गाणं मध्येच थांबलं की बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. कुणीतरी सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतं. आकडा कमी दिसला तर मोठा प्लॅन घेतला जातो, आकडा चांगला दिसला तर स्पीकर खराब ठरतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण त्या टेस्टने जे मोजलं त्याचा गाणं थांबण्याशी बहुधा संबंधच नसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. घरापर्यंत येणारं इंटरनेट ही एक गोष्ट, राउटरपासून स्पीकरपर्यंतचं वायफाय ही दुसरी. गाणं या दोन्ही टप्प्यांतून येतं, दोन्ही टप्पे वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

इंटरनेटबद्दल फार सांगायला नको. प्लॅन किती एमबीपीएसचा आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. गाण्याला त्यातलं किती लागतं, तेवढं फक्त पाहू. नेहमीचं चांगल्या दर्जाचं स्ट्रीमिंग ३२० केबीपीएसच्या आसपास असतं (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). सीडीच्या दर्जाचा आवाज अजिबात न दाबता पाठवला तरी १,४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएसच्या आत. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाची, फाइल न दाबता सुमारे सव्वानऊ एमबीपीएस मागते आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता दाबून, आली तर त्याहून बरीच कमी. म्हणजे चार खोल्यांत चार वेगळी हाय-रेझ गाणी लावली तरी ४० एमबीपीएसमध्ये सगळं बसतं. १०० चा प्लॅन ३०० चा केल्याने गाण्याच्या पदरात काहीही पडत नाही.

आता खरा घोटाळा कुठे होतो ते नीट पाहू.

प्रत्येक स्पीकरमध्ये थोडी मेमरी असते. गाण्याचा पुढचा काही सेकंदांचा भाग आधी तिथे जमा होतो आणि तिथून वाजतो. हा बफर. तो रिकामा झाला की आवाज थांबतो. पण रिकामा व्हायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पुरवठा खपापेक्षा कमी आहे आणि साठा हळूहळू आटतो. दोन, पुरवठा भरपूर आहे, पण मध्येच काही सेकंद पूर्ण बंद पडतो. पहिली तऱ्हा वेगाची, दुसरी सलगपणाची. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा तीच शांतता ऐकू येते, म्हणून हे दोन आजार एकच वाटतात.

पहिल्या तऱ्हेचा हिशोब सोपा आहे. समजा बफर दहा सेकंदांचा आहे, गाण्याला १.४ एमबीपीएस हवेत आणि नेट देतंय १. दर सेकंदाला ०.४ मेगाबिटची तूट येते. १४ मेगाबिटांचा साठा ३५ सेकंदांत संपतो, गाणं थांबतं, बफर पुन्हा भरतो, पुन्हा साधारण तेवढाच वेळ वाजतं. मंद नेटची ही खूण आहे: गाणं जवळजवळ ठरावीक अंतराने थांबतं आणि घरातल्या कुठल्याही खोलीत थांबतं. शिवाय दर्जा ‘ऑटो’वर ठेवला असेल तर बऱ्याच सेवा थांबण्याआधी दर्जा उतरवतात. आवाज बोथट होतो, पण चालू राहतो.

वायफायचं तसं नाही. तिथे सरासरी वेग झकास असतो आणि तरीही अधूनमधून दोन, तीन, आठ सेकंद काहीच पोचत नाही. कारण वायफाय हवेतून चालतं आणि एका चॅनलवरची, म्हणजे ठरलेल्या एका वारंवारतेवरची, हवा सगळ्यांची सामाईक असते. एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात शेजाऱ्यांचे राउटरही आले. पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याची, पोच मिळाली नाही की ते पुन्हा पाठवलं जातं. वारंवार तसं झालं की उपकरण वेग उतरवून बोलू लागतं, मग तेच पॅकेट हवेत जास्त वेळ जागा अडवतं आणि गर्दी आणखी वाढते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो. जेवण गरम करताना गाणं थांबतं हा योगायोग नसतो.

स्पीड टेस्टला यातलं काही दिसत नाही. ती काही सेकंद मोठा ओघ लावून सरासरी काढते आणि सरासरीत दोन सेकंदांचा खंड बुजून जातो. दुसरं म्हणजे ती चालते मोबाइलवर. मोबाइलचा वायफाय रेडिओ नवा, तो ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर जोडलेला आणि तुमच्या हातात, मोकळ्या हवेत. स्पीकर बिचारा टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात, आणि अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजणारा. मोबाइलचा आकडा स्पीकरला लावणं म्हणजे एकाची नाडी बघून दुसऱ्याला औषध देणं. ‘वायफायची रेंज फुल आहे’ हे वाक्यही मला मान्य नाही. त्या दांड्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज मोबाइलला किती मोठ्याने ऐकू येतो. आजूबाजूला गोंगाट किती आहे आणि स्पीकरचं बोलणं राउटरपर्यंत पोचतं का, याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हाय-रेझ. ‘साधी गाणी नीट वाजतात, हाय-रेझ लावलं की अडखळतं, म्हणजे नेटच कमी पडतंय’ हा तर्क इतका सरळ दिसतो की त्यावर कुणी शंका घेत नाही. पण हिशोब करून बघा. स्पीकरचा बफर ४०० किलोबाइटचा, म्हणजे ३,२०० किलोबिटांचा, आहे असं धरू. ३२० केबीपीएसच्या गाण्याला तो दहा सेकंद पुरतो. न दाबलेल्या सीडी दर्जाला सव्वादोन सेकंद. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे वायफायमधला तोच दोन सेकंदांचा खंड साध्या गाण्यात कळतच नाही आणि हाय-रेझमध्ये दर वेळी ऐकू येतो. खंड आधीपासूनच होता. जास्त वेग विकत घेऊन तो बुजत नाही, कारण खंड चालू असताना वेग शून्य असतो, मग प्लॅन कितीचाही असो.

आणि आता राउटर रीस्टार्ट करण्याचा सल्ला. तो इतक्या सहज दिला जातो की त्याचा त्रास व्हायला लागला आहे. रीस्टार्टने गाणं सुधारतं हे खरं आहे. कारण बऱ्याचदा असं असतं की ‘ऑटो चॅनल’वर ठेवलेला राउटर चालू होताना आजूबाजूची हवा तपासतो आणि त्या घटकेला मोकळा असलेला चॅनल धरतो. काही दिवसांनी शेजारचे राउटरही चॅनल बदलतात आणि पुन्हा जैसे थे. पण ‘राउटर रीस्टार्ट केला आणि नेट सुधारलं’ अशी नोंद डोक्यात पक्की होते, आणि संशयाची सुई कायमची चुकीच्या दिशेला वळते. काही बिघडलं तर आधी तपासा, मग रीस्टार्ट करा. उलट केलंत तर पुरावा पुसला जातो.

तपासायची पद्धत सोपी आहे. पहिली चाचणी: गाणं चालू असताना राउटरमधून इंटरनेटची वायर काढा. पॉवरची नाही, बाहेरून येणारी. वायफाय चालूच राहील, स्पीकर राउटरला जोडलेलाच राहील आणि गाणं बफर संपेपर्यंत वाजत राहील. किती वेळ वाजलं ते मोजा. इंटरनेटचा तेवढा खंड तुमचा स्पीकर पचवू शकतो, हे तुम्हाला कळलं. काही प्लेअर अख्खं गाणं आधीच उतरवून घेतात. तुमचा तसा असेल तर गाण्याच्या मध्यावर पडणाऱ्या शांततेचा दोष नेटवर ढकलणं सोडून द्या.

दुसरी चाचणी जास्त बोलकी. घरातल्या संगणकावरची एखादी गाण्याची फाइल नेटवर्कमधून त्याच स्पीकरवर वाजवा. संगणक राउटरला वायरने जोडलेला हवा. या वाटेत इंटरनेट कुठेच नाही. तरीही गाणं अडखळलं, तर नेट निर्दोष सुटलं.

तिसरी चाचणी गाणं नेमकं थांबतं त्या क्षणाची साक्ष देते. त्याच वायरवाल्या संगणकावर दोन खिडक्यांत पिंग (एखाद्या पत्त्यावर सतत हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा: एक बाहेरच्या १.१.१.१ या पत्त्यावर, दुसरं स्पीकरच्या पत्त्यावर, जो राउटरच्या यादीत सापडतो. पहिली खिडकी इंटरनेटचा टप्पा दाखवते, दुसरी वायफायचा. गाणं थांबताच बघा, उत्तर कुठल्या खिडकीत बंद झालं. स्पीकरच्या खिडकीतला आकडा वरखाली झाला तर घाबरायचं कारण नाही, काही उपकरणं वीज वाचवण्यासाठी उशिरा उत्तर देतात. पण लागोपाठ चार-पाच ओळी उत्तराविना गेल्या आणि बाहेरची खिडकी शांतपणे चालू राहिली, तर वेगळा पुरावा नको.

कानानेही बरंच कळतं. शांततेनंतर गाणं जिथे तुटलं त्याच शब्दापासून पुढे सुरू झालं, तर बफर रिकामा झाला होता. मधले शब्दच गायब झाले आणि गाणं पुढे निघून गेलं, तर तुम्ही ब्लूटूथवर आहात किंवा अनेक खोल्यांत एकाच वेळी वाजवताय आणि मागे पडलेला स्पीकर बाकीच्यांना गाठतोय. ब्लूटूथमध्ये गाणं मोबाइलमधून जातं, म्हणून मोबाइल घेऊन दूरच्या खोलीत गेलात की ते तुटू शकतं. गूगल कास्टसारख्या पद्धतीत स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतो, मोबाइल फक्त रिमोट. त्यामुळे ॲपमधून स्पीकर दिसेनासा झाला तरी गाणं चालू असेल, तर ती वेगळीच तक्रार आहे.

दोष वायफायचा निघाला तर माझं मत ठाम आहे: जो स्पीकर जागचा हलत नाही त्याला इथरनेटची वायर लावा. वायर नको वाटते ती दिसते म्हणून. पण वरच्या सगळ्या भानगडी एका वायरने संपतात. ते शक्यच नसेल तर स्पीकर कपाटातून बाहेर काढा, ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर त्यावर न्या, २.४ वरच राहणार असेल तर १, ६, ११ मधला सर्वांत मोकळा चॅनल हाताने ठरवून द्या. एकच रेडिओ असलेला स्वस्त रिपीटर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) लावू नका. तो तेच पॅकेट त्याच हवेत दुसऱ्यांदा पाठवतो, म्हणजे आधीच अपुरी हवा निम्मी करतो. दांड्या मात्र फुल दिसतात, म्हणून लोक फसतात.

५ गिगाहर्ट्झवर एक खाचखळगा आहे. ५२ ते १४४ यांतले चॅनल रडारसोबत वाटून वापरले जातात. रडारचा संकेत मिळाल्याचं राउटरला वाटलं की त्याला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि याच गटातला नवा चॅनल वापरण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. इतका वेळ पुरेल असा बफर फार थोड्या स्पीकरांत असतो. आठवड्यातून एखाद-दोनदा सगळे स्पीकर एकदम मिनिटभर गप्प होत असतील, तर चॅनल ३६ ते ४८ मध्ये आणून बघा. बरोबर तासातासाला खंड पडत असेल तर राउटरमधला ग्रुप की (वायफायवरच्या सगळ्या उपकरणांची सामाईक गुप्त किल्ली) बदलण्याचा कालावधी बघा. तो अनेकदा ३,६०० सेकंदांवर ठेवलेला असतो आणि काही जुनी उपकरणं त्या बदलात अडखळतात.

दोन्ही टप्पे निर्दोष असूनही गाणं थांबतं, असंही होतं. घरात दुसऱ्या कुणी त्याच खात्यावर गाणं लावलं असेल तर बऱ्याच सेवांत तुमचं बंद पडतं. ब्लूटूथवर असाल तर मोबाइलचा बॅटरी सेव्हर ॲप झोपवतो. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आणि दोष खरोखर नेटचा निघाला, तरी लगेच प्लॅन वाढवू नका. आधी बघा की त्याच वेळी कुणी मोठा अपलोड लावलाय का. फोटोंचा बॅकअप अपलोडची वाट भरून टाकतो, बाहेरच्या पिंगचा आकडा दहा-वीस मिलिसेकंदांवरून कित्येक शेकड्यांवर जातो, आणि गाण्याची मागणीच सेवेपर्यंत उशिरा पोचते. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे एका मोठ्या अपलोडमुळे बाकीच्यांची रांग तुंबू न देण्याची, सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर बॅकअप रात्री ठेवा. घरात कुणी काही अपलोड करत नसतानाही बाहेरची खिडकी तुटत असेल, तर त्या वेळा लिहून ठेवा आणि पुरवठादाराला सांगताना पहिल्याच वाक्यात सांगा की संगणक वायरने जोडलेला होता. नाहीतर तिकडून पहिलं उत्तर येईल, तुमचं वायफाय तपासा.