अर्ध्या घरात लाईट, अर्ध्यात अंधार: तक्रार कुणाकडे, अर्ज कसा आणि कागद कोणते

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी स्वयंपाकघर आणि मागची खोली अंधारात, हॉलमध्ये मात्र टीव्ही सुरू. मी लगेच फोन लावून "लाईट गेली" अशी तक्रार नोंदवली. भर पावसात वायरमन आला, मीटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमचा सिंगल फेज आहे. सिंगल फेजला अर्धी लाईट खांबावरून जात नसते." सिंगल फेज म्हणजे खांबावरून घरात येणारी एकच जिवंत वायर, थ्री फेजला अशा तीन येतात. दोष आमच्याच बोर्डात निघाला. न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) जिथे जोडतात त्या लिंकचा एक स्क्रू सैल होऊन वायरचं टोक काळं पडलं होतं. त्याची फेरी फुकट गेली आणि आम्ही दोन तास अंधारात बसलो.

म्हणून अर्जाआधी एकच गोष्ट ठरवायची: बिघाड मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर, कटआउट (मीटरआधीचा फ्यूज) आणि मीटर ही वीज कंपनीची जबाबदारी. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या वायरपासून मेन स्विच, एमसीबी (बिघाड होताच आपोआप पडणारा स्विच) आणि घरातलं सगळं वायरिंग आपलं. आपल्या भागातला बिघाड कंपनी दुरुस्त करून देत नाही, आणि कंपनीच्या भागाला आपण किंवा आपल्या इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही. मीटरचं सील तोडणं, खांबावर चढून फेज बदलून घेणं हे "सगळेच करतात" या सदरातलं काम असलं, तरी विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३८ खाली मीटर किंवा कंपनीच्या यंत्रणेत ढवळाढवळ केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बिघाड ओळखायचा कसा?

सिंगल फेज असेल आणि घरातलं काही चालू, काही बंद असेल, तर दहातल्या नऊ वेळा दोष घरातच असतो. कुठलातरी एमसीबी पडलेला असतो किंवा एखाद्या सर्किटचा न्यूट्रल सुटलेला असतो. एमसीबी एकदा वर करून पाहा. पुन्हा पडला तर तिथेच थांबा, धरून ठेवू नका. इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक गंमत होते: पंखे-ट्यूब चालू आणि फ्रिज बंद, म्हणून लोक "अर्धी लाईट" समजतात. खरं तर लाईट पूर्ण गेलेली असते आणि उजेड बॅटरीचा असतो.

थ्री फेज असेल तर मीटर पाहा. बऱ्याच मीटरवर आर, वाय, बी असे प्रत्येक फेजचा एक, तीन बारीक दिवे असतात. त्यातला एक विझला असेल तर फेज मीटरपर्यंतच पोचत नाही, म्हणजे काम कंपनीचं. तिन्ही दिवे लागलेले असूनही घराचा एक भाग मेलेला असेल तर मीटरनंतरची बाजू तपासा. बिल्डिंगमध्ये याहून सोपी खूण आहे. लिफ्ट आणि पाण्याचा पंप बंद, पण जिन्यातले दिवे चालू, किंवा निम्म्या फ्लॅटमध्ये उजेड आणि निम्म्यात अंधार, म्हणजे एक फेज गेला. शेजाऱ्याला विचारताना "तुमच्याकडे लाईट आहे का" एवढंच विचारू नका, "फ्रिज, पंप चालतोय का" हेही विचारा.

दिवे लुकलुकत असतील, पंखा रेंगाळत असेल आणि परिसरातल्या बऱ्याच घरांत हेच चालू असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूचा एक फेज गेलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा दोन फेजना निम्म्याच्या आसपास व्होल्टेज मिळतं आणि तिसरा ठीक चालतो. अशा वेळी फ्रिज, एसी आणि मोटार आधी बंद करा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जळतो, दिव्याला काही होत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. एका खोलीतला दिवा भगभगीत, दुसऱ्या खोलीतला मंद, टीव्हीच्या अडॅप्टरला जळका वास. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या उपकरणावर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. इथे निदान करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि मग फोन.

तक्रार कोण करू शकतो?

बिल ज्याच्या नावावर तोच, असं मुळीच नाही. कायद्यातल्या 'ग्राहक' या व्याख्येत ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे अशी कुणीही व्यक्ती येते, त्यामुळे भाडेकरूही तक्रार नोंदवू शकतो. पुरवठा बंद पडल्याच्या तक्रारीला कागद लागत नाहीत, बिलावरचा ग्राहक क्रमांक पुरतो. महावितरणचा हा क्रमांक बारा आकडी असतो. तो मोबाईलमध्ये साठवून ठेवा, अंधारात बिल सापडत नाही.

महावितरणची तक्रार १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ वर, मोबाईल अ‍ॅपवर किंवा शाखा कार्यालयात देता येते. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, पण भांडुप-मुलुंडला महावितरण. त्यामुळे बिलावर कुणाचं नाव आहे ते पाहूनच फोन लावा. गोव्यात सरकारी वीज खातं आहे.

खरा फरक शब्दांनी पडतो. "लाईट गेली" म्हटलं की ती साधी फ्यूज कॉल, म्हणजे एका घराची किरकोळ तक्रार, धरली जाते. त्याऐवजी असं सांगा:

"थ्री फेज मीटर आहे, बी फेजचा दिवा बंद आहे, शेजारच्या दोन घरांतही तोच फेज नाही. सर्व्हिस वायरजवळ ठिणग्या दिसल्या." (ठिणग्या दिसल्या असतील तरच.) न्यूट्रलचा संशय असेल तर "व्होल्टेज कमी-जास्त होतंय, न्यूट्रल तुटल्याचा संशय, धोका आहे" हे शब्द स्पष्ट उच्चारा.

मग तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा. वायरमनचा वैयक्तिक नंबर असला तरी आधी नोंद, मग त्याला फोन. नोंद नसेल तर पुढे कुठेच काही सिद्ध करता येत नाही. मी स्वतः कितीतरी वेळा "दादा, जरा बघा ना" म्हणून काम भागवलंय, पण नुकसानभरपाईचा विषय निघतो तेव्हा त्या "जरा बघा"ची कुठे नोंद सापडत नाही.

वारंवार होत असेल तर लेखी अर्ज

एखाद्या वेळी फेज जाणं समजण्यासारखं आहे. महिन्यातून चारदा गेला तर उपविभागीय कार्यालयात सहायक अभियंता किंवा उपकार्यकारी अभियंत्याच्या नावे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेत लघुदाबाला, म्हणजे घरगुती पुरवठ्याला, घोषित व्होल्टेजच्या ६ टक्के वर-खाली एवढीच सूट आहे. २३० धरले तर साधारण २१६ ते २४४. पुरवठा पूर्ववत करायची कालमर्यादा शहरी आणि ग्रामीण भागासाठी वेगवेगळी आहे आणि ती ओलांडली तर भरपाईची तरतूद आहे. अर्जासोबत हे जोडा:

ताज्या बिलाची प्रत, आधीच्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा, मीटरच्या दिव्यांचा वेळ दिसणारा फोटो, उपकरण जळालं असेल तर दुरुस्तीची पावती आणि मेकॅनिकचा दोन ओळींचा दाखला. शेजाऱ्यांच्या सह्या असतील तर अर्ज लवकर हलतो, हा माझा अनुभव.

थ्री फेज घ्यायचा असेल तर

दोन एसी, गीझर, इंडक्शन आणि त्यात विजेवरची गाडी आली की सिंगल फेज कमी पडतो. ४० अँपिअरपर्यंतचा भार सिंगल फेजवर चालतो. त्यापुढे भारवाढीचा ए-१ अर्ज, ऑनलाईन किंवा कार्यालयात. अर्ज मालक किंवा ताबेदार कुणीही करू शकतो. मात्र थकबाकी नको, आणि भाडेकरू असेल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं.

कागद: ओळखीसाठी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, जागेसाठी इंडेक्स-२, मालमत्ता कराची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८. शिवाय परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. गल्लीतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनची सही इथे चालत नाही, परवाना क्रमांक लागतो. मग कार्यालयातून कोटेशन येतं, जोडणी शुल्क आणि सुरक्षा ठेव त्यातच. थ्री फेजचा स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम) सिंगलपेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा "एक फेज गेला तरी दुसरा राहील" एवढ्याच हौसेपायी थ्री फेज घेऊ नका.

दाद लागली नाही तर

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडून उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे मंचाच्या नियमावलीतल्या अनुसूची 'अ' मधला अर्ज. मंच महावितरणच्या परिमंडळ स्तरावर असतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि मंचाने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. पुरवठ्याचा प्रश्न तातडीचा असेल तर अंतरिम आदेशाची मागणी त्याच अर्जात लिहा. मंच प्रत्यक्ष नुकसानीचा विचार करतो. बुडालेला धंदा किंवा अप्रत्यक्ष नुकसान यांची भरपाई देत नाही. वीजचोरी आणि अनधिकृत वापराची प्रकरणं मंचाकडे चालतच नाहीत, आणि म्हणूनच मघाशी मीटरच्या सीलबद्दल इतकं बजावलं.

मंचाचा आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे निवेदन. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. निवेदनाला मंचाच्या आदेशाची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे तक्रार क्रमांक जोडा.