पाण्यात औषध नसतं, तरी पाय उचलतो : पूल थेरपी कुठून आली

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके पूर्ण सुकल्यावर फिजिओने तिला पोहण्याच्या पूलमध्ये चालायला सांगितलं, आणि घरी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं की त्या पाण्यात टाकतात काय? प्रश्न साहजिक आहे, वज्रेश्वरीची, उन्हवऱ्याची गरम कुंडं आपल्याला माहीत असतात आणि तिथे गंधकाच्या पाण्याने सांधे मोकळे होतात असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण पूलच्या पाण्यात औषध नसतं, काम करतं ते नुसतं पाणीच, आणि ही गोष्ट माणसाच्या लक्षात यायला खूप वेळ लागला.

युरोपात १९व्या शतकात पाण्याच्या उपचारांची मोठी लाट आली होती. आताच्या चेक देशातल्या ग्रेफेनबर्गला प्रीसनिट्झ गार पाण्याने आणि ओल्या चादरींनी उपचार करायचा, जर्मनीत क्नाइप नावाचे पाद्री होते, लाइपझिगला लुई कुने कटिस्नान, म्हणजे टबात कमरेपर्यंत पाण्यात बसवून स्नान, द्यायचा. कुनेची पद्धत गांधीजींनी स्वतःवर करून पाहिली आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू झालं, त्यामुळे आपल्याकडे जलचिकित्सा म्हटलं की आधी टब आणि ओल्या पट्ट्याच आठवतात. या सगळ्यात भर होता पाणी थंड की गरम यावर. पाणी माणसाला उचलतं, वजन कमी करतं, हे सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगून ठेवलं होतं, शाळेत आपण ते पाठही केलं, पण रुग्णाचा पाय हलवायला ते पद्धतशीर वापरलं गेलं पोलिओच्या काळात.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टचे पाय लुळे पडले, वय ३९. निदान पोलिओचं झालं. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या पडक्या रिसॉर्टला गेला कारण तिथे पोहून एक पोलिओ झालेला मुलगा चालायला लागल्याचं त्याने ऐकलं होतं. डोंगरातून येणारं पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस, म्हणजे कढत नाही, तासन् तास आत राहता येईल असं. जमिनीवर कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, लावल्याशिवाय ज्याला उभं राहता येत नव्हतं तो त्या पाण्यात उभा राहिला, पावलं टाकायला लागला. पेपरात बातमी आली आणि पुढच्या वर्षी देशभरातून पोलिओचे पेशंट न बोलावताच तिथे पोचले, रूझवेल्टनेच पूलमध्ये उभं राहून त्यांना व्यायाम दाखवले. मला या सगळ्या इतिहासात हेच दृश्य सगळ्यात मोठं वाटतं. १९२६ मध्ये त्याने स्वतःच्या संपत्तीतला मोठा वाटा घालून ती जागा विकत घेतली, हाडांचे डॉक्टर लिरॉय हबर्ड आले, २३ पेशंटची नीट नोंद ठेवली गेली आणि १९२७ मध्ये फाउंडेशन उभं राहिलं.

लोकांना वाटायचं झऱ्यातल्या खनिजांचा गुण आहे. खरं तर ज्या स्नायूत पाय उचलायची ताकद नाही त्याला पाणी खालून उचलून धरत होतं, म्हणून उरलीसुरली ताकद हालचालीत दिसायची आणि व्यायामाने वाढायची. रूझवेल्ट स्वतः मात्र पुन्हा आधाराशिवाय चालू शकला नाही हेही सांगायलाच हवं. आणि हेही, की ते पाणी फक्त गोऱ्या पेशंटसाठी होतं, काळ्या मुलांसाठी अलाबामातल्या टस्कीगीला वेगळं पोलिओ केंद्र निघालं ते १९४१ मध्ये.

रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्जला गेला त्याच सुमारास लॉस एंजेलिसला डॉ. चार्ल्स लोमनने हॉस्पिटलमधल्या माशांच्या हौदाचे उपचाराचे पूल करून घेतले होते, म्हणजे साध्या पाण्यानेही काम होतं. पुढे १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेत जेम्स मॅकमिलनने अपंग मुलींना पोहायला शिकवताना तोल आणि अंग वळवणं यावरच पूर्ण पद्धत बसवली, तो इंजिनियर होता, पाण्याच्या प्रवाहाचं गणित त्याला माहीत होतं.

१९५५ मध्ये साल्कची पोलिओ लस आली, पोलिओ ओसरत गेला, पण पूल राहिले आणि संधिवात, मणके, ऑपरेशननंतरचे गुडघे असे पेशंट त्यात उतरायला लागले. आता आकडेही मोजलेले आहेत : मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायावर साधारण दहावा हिस्सा वजन येतं, छातीपर्यंत सुमारे एक तृतीयांश, कमरेपर्यंत निम्मं. शिवाय खोलीबरोबर दाब वाढतो त्यामुळे पायाची सूज उतरायला मदत होते, आणि जितक्या जोरात पाय माराल तितकं पाणी जास्त अडवतं, थांबलात की अडवणंही थांबतं, म्हणून दुखऱ्या सांध्याला झटका बसत नाही. आईला आधी छातीभर पाण्यात चालवलं आणि काही दिवसांनी कमरेएवढ्या पाण्यात आणलं ते म्हणूनच, गुडघ्यावर एकेक पायरीने वजन चढवायचं होतं.